बाकीचे १०२३ कुठे गेले?

वंशावळीला सध्या महाराष्ट्रात जे दिवस आलेत, ते पेशवाईतसुद्धा आले नसतील. २०२३च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि ज्या घरांत आजोबांच्या वडिलांचं नाव विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे, त्या घरांतली पोरं पणजोबा-खापरपणजोबांची नावं एका दमात म्हणून दाखवायला लागली. मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. तहसीलच्या अभिलेख कक्षात धूळ खात पडलेली गाव नमुना १४ची बाडं बाहेर निघाली. आरक्षणाच्या प्रश्नावर तुमचं मत काहीही असो, एक गोष्ट मान्य करावी लागेल. आपल्या लोकांनी इतक्या मोठ्या संख्येने सरकारी दप्तरात आपल्या पूर्वजांना शोधल्याचं गेल्या कित्येक पिढ्यांत झालं नव्हतं.

त्याचा एक उपपरिणाम म्हणून आता प्रत्येक भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ फिरते. वर मध्यभागी मूळ पुरुष, त्याच्याखाली तीन मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे, असं करत करत सगळ्यात खाली तुम्ही-आम्ही. मथळा असतो ‘आमच्या घराण्याचा इतिहास’. आमच्या भावकीतही अशी एक आहे. सात पिढ्यांची. मेहनतीने केलेली, चौकटी नीट आखलेली, फॉन्टही बरा. तिच्यात एकही बाई नाही. सात पिढ्या पुरुषांनीच पुरुषांना जन्म दिला असावा असं ती पाहून वाटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. याला घराण्याचा इतिहास म्हणू नका. हा आडनावाचा इतिहास आहे, आणि तोही अर्धवट. बायका गाळून काढलेली वंशावळ अन्यायकारक तर आहेच, पण तेवढ्यावर भागत नाही. ती चुकीचीही असते, कारण बायकांचा माग सोडला की पुरुषांच्या नोंदीही सापडत नाहीत. आणि ज्या सवयीने आपण त्यांची नावं कागदावरून गाळतो, त्याच सवयीने त्यांचं नाव सातबारावरूनही काढतो.

आधी हिशोब. प्रत्येकाला दोन आईबाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. दहा पिढ्या मागे गेलात की २ चा दहावा घात, म्हणजे १०२४ जागा भरतात. त्यातल्या ५१२ बायकांच्या. बापाचा बाप, त्याचा बाप अशी सरळ रेघ ओढली की त्या पिढीतल्या १०२४ जणांपैकी आपण एकाला गाठतो. बाकीच्या १०२३ जणांचं रक्त आपल्यात तेवढंच आहे, पण त्यांना आपण ‘घराणं’ म्हणत नाही. आमच्या भागात मामाची मुलगी करायची रीत असल्यामुळे खरी माणसं १०२४ पेक्षा कमी भरतील, कारण तेच घर दोन-तीन वाटांनी पुन्हा पुन्हा येतं. पण हीच तर गंमत आहे. एकच घर आपल्याशी तीन वेळा जोडलं गेलंय हे कळायला आधी त्या घरातून आलेल्या तिघींची नावं लिहावी लागतात. ज्याला आपण झाड म्हणतो ते मुळात जाळं आहे, आणि त्याची निम्मी सुतं आपण कापून टाकतो.

हा आकार आला कुठून? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिथला एक साधा अनुभव आहे. डेटाबेसच्या टेबलात जो रकाना नाही, तो प्रश्न कालांतराने कुणी विचारायचंच बंद होतं. आपल्याकडे वंशावळीची गिऱ्हाइकं दोनच: जमीन आणि जातीचा दाखला. जमिनीला वारस हवा होता आणि वारस म्हणजे मुलगा. दाखल्याला वडिलांकडचा पुरावा हवा असतो, तोही ठरावीक तारखेच्या आधीचा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणून प्रतिज्ञापत्रावर वंशावळ काढायची ती बापाच्या बाजूची. सरकारला त्या कामापुरतं तेवढं लागत असेल. पण आपण तो फॉर्मच उचलून घरी आणला, फ्रेम केला आणि त्याला इतिहास म्हणायला लागलो.

‘अहो, पण बायकांच्या नोंदीच नाहीत, आम्ही तरी काय करणार?’ हा मला सगळ्यात जास्त ऐकू येणारा युक्तिवाद. तो देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी शोधलेलंच नसतं.

हे खरं की इंटरनेटवरचे परदेशी धडे आपल्या कामाचे नाहीत. ते सांगतात, जनगणनेपासून सुरुवात करा. ब्रिटनने १९२१ची जनगणना शंभर वर्षांनी, २०२२च्या जानेवारीत नावानिशी खुली केली. अमेरिकेने १९५०ची ७२ वर्षांनी खुली केली. आपल्याकडे जनगणना अधिनियम १९४८ नुसार प्रगणकाने भरलेली कागदपत्रं पाहण्याचा हक्क कुणालाच नाही. त्यामुळे एका घरात कोणकोण राहत होतं, नवरा, बायको, मुलं, सगळी एका पानावर, असा कागद आपल्याला मिळत नाही. पण म्हणून कागदच नाहीत असं होत नाही. ते वेगळीकडे आहेत, आणि तिथे बायका आहेत.

फेरफाराची नोंदवही घ्या, म्हणजे गाव नमुना ६. माणूस मेला की वारस नोंद होते. नवरा मेला आणि पोरं लहान असली की त्यांच्या नावापुढे लिहिलेलं दिसतं ‘अ.पा.क. आई’, अज्ञान पालनकर्ती. त्या तीन अक्षरांमागे एक विधवा बाई दहा-पंधरा वर्षं शेत सांभाळत होती. भावकीच्या पीडीएफमध्ये मात्र त्या काळात जमीन आपोआप पिकत होती. थोरल्या भावाच्या नावापुढचं ‘ए.कु.मॅ.’ वाचून एकत्र कुटुंब होतं हे आपण लगेच ओळखतो. मग ‘अ.पा.क.’ वाचताना नजर पुढे का सरकते?

शाळेचं जनरल रजिस्टर घ्या. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला. आजही या भागातल्या जुन्या शाळांची रजिस्टरं हा खजिना आहे. शाळेत गेलेली मुलगी तिथे माहेरच्या पूर्ण नावाने सापडते, जातीसकट आणि गावासकट. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नका. अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म मास्तरांनी १ जूनला उरकलाय.

मराठा पलटणीत कुणी होतं? राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट शोधता येते. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या शिपायांच्या बऱ्याच नोंदींत बापाच्या नावाबरोबर बायकोचं नाव आणि गाव आहे. इटलीतल्या दफनभूमीचा हिशोब ठेवणाऱ्या साहेबाला जे नाव लिहावंसं वाटलं, ते आपल्या पीडीएफला वाटत नाही. वसईतल्या नाहीतर गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना विचारा. चर्चच्या बाप्तिस्मा नोंदीत आईचं नाव असतं, बऱ्याचदा आजी-आजोबांचंही. म्हणजे माणसं तीच, हवामानही तेच, फक्त रकाना निराळा.

आणि आता ती गोष्ट, जी दाखल्यासाठी वणवण करणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी सांगायला हवी. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे थोरल्या मुलाचा जन्म त्याच्या गावी झालेलाच नसतो. माझ्या आजोबांची जन्मनोंद आमच्या गावच्या बाडात नव्हती. भावकीतल्या जाणत्यांनी निकाल दिला होता की त्या काळी नोंद केलीच नसेल. आजोबांच्या धाकट्या बहिणीला कुणी विचारलं नव्हतं, कारण तिला विचारण्यासारखं काय असणार? मी विचारलं. ती म्हणाली, ‘दादा आजोळी झालेला की.’ आजोळ कागल तालुक्यात. तिथल्या बाडात १९३०च्या दशकातली नोंद मोडीत सापडली: आमच्या गावचं नाव, माझ्या पणजोबांचं नाव, जात, आणि ‘मुलगा’. आईचं नाव त्यातही नव्हतं. पण तिच्या माहेरचं गाव माहीत नसतं तर हे पान उघडलंच गेलं नसतं. पुरुषाचा कागद बाईच्या वाटेने सापडला. ज्या घरांत आजींना असं कुणी विचारलं नाही, तिथे किती नोंदी ‘सापडल्या नाहीत’ म्हणून सोडून दिल्या असतील याचा विचार करा.

त्याच गावच्या फेरफारात पुढे पणजीही सापडली. तिचे वडील हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ आल्यानंतर वारले, त्यामुळे वारस म्हणून मुलांबरोबर मुलींचीही नावं लावावी लागली. तिथे ती आहे: सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, आमचं गाव. पुढच्याच फेरफारात तिचा जबाब आहे. भावांच्या लाभात हक्क सोडला, मोबदला नाही, निशाणी अंगठा. अख्ख्या सरकारी दप्तरात माझ्या पणजीचं नाव मला एवढं दोनदाच मिळालं. एकदा हक्क आला म्हणून आणि एकदा गेला म्हणून.

ही एका घराची कहाणी असती तर लेख लिहायचं कारण नव्हतं. तुमच्या गावचे १९५६ नंतरचे फेरफार काढून बघा. एका नोंदीत बहिणींची नावं चढतात, पुढच्या नोंदीत उतरतात. कायदा पुढे गेला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, २००५ साली देशभर तशी दुरुस्ती झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार असते, २००५च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही. आता अंगठ्याच्या जागी सही आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र आलं. बाकी बोलणी तीच. माहेर तुटू नये म्हणून सही कर, साडी-चोळी आहेच, दिवाळीला मुराळी पाठवतोच. जिचं नाव वंशावळीत नव्हतंच, तिचं नाव सातबारावर आल्यावर भावांना ती घुसखोर वाटते यात नवल काय? लहानपणापासून त्यांनी पाहिलेल्या घराण्याच्या चित्रात ती कुठे होती?

दुसरा युक्तिवाद परंपरेचा. वंश बापाकडून चालतो, हीच आपली रीत, बाहेरचे विचार आणू नका. ठीक. मग श्राद्धाला भटजी काय विचारतात? वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांची नावं विचारतात. आईचे वडील, आजोबा, पणजोबाही त्यात येतात. तेव्हा खाली मान घालून ‘नाव माहीत नाही’ म्हणणारा परंपरेचा अभिमानी मी पाहिलाय. लग्नाच्या कायद्यातली सपिंडाची व्याख्या बघा: बापाकडून पाच पिढ्या, आईकडून तीन. म्हणजे शास्त्राला आईकडची माणसं लागतात, कायद्यालाही लागतात, फक्त पीडीएफला लागत नाहीत. या भूमीवरच्या सगळ्यात जुन्या मोठ्या राजघराण्यातले राजे स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवत होते आणि ते नाशिकच्या लेण्यांत दगडावर कोरून ठेवलंय.

आणि आम्हा कोल्हापूरकरांनी तर रक्ताच्या सरळ रेघेबद्दल बोलूच नये. आमची गादी उभी केली ताराराणींनी. त्या हंबीरराव मोहित्यांच्या लेक, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे बाई मोठी असली की तिचं माहेर आपल्याला बरोबर लक्षात राहतं. ज्यांच्या नावाने आम्ही छाती पुढे काढतो ते शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटगे घराण्यातले, आई राधाबाई मुधोळच्या घोरपड्यांच्या घरातली. १७ मार्च १८८४ रोजी त्यांना दत्तक घेतलं ते विधवा राणी आनंदीबाईंनी. एका बाईने जन्म दिला, दुसऱ्या बाईने गादीवर आणलं. बायका गाळून ही वंशावळ काढून दाखवा.

तिसरा अडथळा मात्र खरा आहे: नाव. लग्नानंतर आपण बाईचं आडनाव बदलतो, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव घालतो आणि कित्येक घरांत पहिलं नावही बदलतो. तांदळात नवं नाव लिहितानाचा फोटो हौसेने काढतो. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर एका नोंदीचे तिन्ही रकाने एका दिवसात बदलले आणि जुनी किंमत कुठेच जपली नाही. अशी प्रणाली मी ऑफिसात बनवली तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. परदेशी वंशावळीच्या ॲपमध्ये बाईचं जन्मनाव लिहायचा नियम असतो. आपले लोक तिथे सासरचं नाव भरतात आणि मग तिच्या वडिलांशी तिची जोडणी करायला त्यांच्याकडे काही उरत नाही. राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालायचा निर्णय घेतला, हे चांगलंच झालं. पण त्या मुलांच्या आज्या-पणज्यांचं काय? त्यांच्यासाठी शासन निर्णय निघणार नाही. ते काम आपलं आहे.

यात कुणाचं काय अडलंय, असं वाटत असेल तर गडहिंग्लज-निपाणीच्या बाजूला जा. देवदासींच्या मुलांना ‘वडिलांचे नाव’ या रकान्याने किती वर्षं छळलं ते तिथल्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांना विचारा. नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या पोरांना विचारा, ज्यांना दाखल्यासाठी त्याच बापाच्या भावकीच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितलंय की आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात बापावरूनच ठरते हे फक्त गृहीतक आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या आईने तिच्या समाजात वाढवल्याचा पुरावा देऊन ते खोडता येतं. पण पुरावा द्यायचा तर आईकडचे कागद शोधलेले हवेत, आणि ते शोधायची सवय ना घराला ना कचेरीला. २०२४च्या जानेवारीत ‘सगेसोयरे’ या शब्दावर महाराष्ट्र ढवळून निघाला. त्या मसुद्यातही मोजणी सुरू झाली ती वडील, आजोबा, पणजोबा इथूनच. सोयरीक जिच्यामुळे होते ती पुन्हा बाहेरच.

म्हणून सरकारकडे मागणं आहे. ‘आपले अभिलेख’सारख्या संकेतस्थळावर जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन करून टाकताय, त्याबद्दल धन्यवाद. पण शोध कसा? जिल्हा, तालुका, गाव, मग गट नंबर नाहीतर सर्व्हे नंबर. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट झाले, त्यामुळे जुना-नवा नंबर जुळवणारा तक्ता आधी मिळवायचा आणि मग पुढे जायचं. ज्याला नंबर माहीत आहे त्यालाच पूर्वज मिळतो. भूमिहीनाला नंबरच नाही. लेकीला माहेरचा नंबर कुणी सांगत नाही. स्कॅन केलेलं पान म्हणजे कपाटाला काचेचं दार बसवण्यासारखं आहे, आतलं दिसतं पण हात पोचत नाही. नावांची सूची करा, पानावरच्या प्रत्येक नावाची, वारस मुलींचीही. मोडी वाचायला शिकलेली शेकडो पोरं आता गावोगाव आहेत, त्यांना हे काम द्या. कुणबी शब्द शोधायला ज्या तडफेने बाडं उघडलीत, त्याच बाडांत प्रत्येक पानावर बाकीचीही नावं आहेत. पान उघडलंच आहे तर ती लिहून घ्यायला काय हरकत होती?

सरकार करेल तेव्हा करेल. तुम्ही १०२४ जण शोधायची गरज नाही. आठ पुरेत. चार पणजोबा आणि चार पणज्या, प्रत्येकाचं जन्माचं आडनाव आणि गाव. कागद घ्या आणि लिहा. बहुतेकांची गाडी तिसऱ्या-चौथ्या नावाला थांबते. तिथून पुढचं तहसीलमध्ये नाही, ते आत्याकडे आहे, आईच्या मावशीकडे आहे, आजोबांच्या धाकट्या बहिणीकडे आहे. या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना ‘आपल्या घराण्याचा इतिहास सांगा’ असं म्हणू नका, त्या म्हणतील ‘मला काय ठावं, गड्यांना विचार.’ विचारा की तुमच्या आईला माहेरी काय म्हणायचे, बाळंतपणाला कुठे जायची, मुराळी कोण यायचा. मग गावाचं नाव येतं. गाव आलं की शाळेचं रजिस्टर, गाव नमुना १४, फेरफार, हे सगळं करता येतं, आणि ते नंतर केलं तरी चालतं. बाडं आणखी काही वर्षं टिकतील. आधी फोन करा.